घरच्या कामासाठी स्क्रू-ड्रायव्हर निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्क्रू-ड्रायव्हर विकत घेण्यापूर्वी आपल्या घरातले स्क्रू एकदा नीट पाहून घ्यावेत, अशी आमची ग्राहकांना पहिली विनंती असते. खानदेशात होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि त्याच दिवसांत आमच्या काउंटरवर फुली (डोक्यावरची अधिक चिन्हासारखी खाच) गेलेले स्क्रू घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. मागच्या उन्हाळ्यात बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने भिजलेला आणि गंजाने पत्र्याला धरलेला स्क्रू बहुधा निघण्यासारखा असतो. पण हाताशी सापडेल तो स्क्रू-ड्रायव्हर त्यात घालून जोर लावला की त्याची खाच गुळगुळीत होते आणि पाच मिनिटांच्या कामासाठी ड्रिल मशीन शोधण्याची वेळ येते. दोष स्क्रूला दिला जातो, परंतु तो बहुतेक वेळा न जुळणाऱ्या किंवा झिजलेल्या टोकाचा असतो.

टोक आणि माप

चपट्या स्क्रू-ड्रायव्हरचे माप दोन अंकांत लिहिलेले असते. पहिला अंक पात्याच्या टोकाची जाडी सांगतो आणि दुसरा रुंदी, उदाहरणार्थ ०.६ × ३.५, १ × ५.५ किंवा १.२ × ६.५ मिलिमीटर. ग्राहक सहसा रुंदी पाहतात आणि जाडीकडे लक्ष देत नाहीत, वास्तविक जाडीच अधिक महत्त्वाची आहे. पाते खाचेपेक्षा पातळ असेल तर फिरवताना ते आत तिरपे होते, खाचेच्या दोन कोपऱ्यांवरच सगळा भार येतो आणि त्या कडा ढासळतात. पाते खाचेत तळापर्यंत जावे, हलू नये आणि स्क्रूच्या डोक्याबाहेर डोकावू नये, एवढे पाहिले तरी पुरते. स्विच-सॉकेटच्या आतील बारीक स्क्रूंना ०.६ × ३.५ चालतो, तर जुन्या दरवाजांच्या बिजागऱ्यांना बहुधा १ × ५.५ किंवा त्याहून मोठा लागतो.

फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. आज घरोघरी दिसणारी फुली अमेरिकेतील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखली जाते. १९३६ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले आणि मोटार कारखान्यांतून ती जगभर पसरली. टोक आपोआप मध्यभागी बसते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र तिच्या भिंती उतरत्या असल्यामुळे पीळ वाढला की टोक वर उसळून बाहेर येऊ पाहते, म्हणून फुलीचा स्क्रू फिरवताना पुढे दाबण्याचा जोर फिरवण्याच्या जोराइतकाच आवश्यक असतो. तिची नेहमीची मापे पीएच (म्हणजे फिलिप्स) ०, १, २ आणि ३ अशी आहेत. घरातील निम्म्याहून अधिक कामे पीएच २ ने होतात. मिक्सर, रिमोट, खेळणी यांसारख्या वस्तूंना पीएच १ किंवा पीएच ० लागतो. पीएच १ चे टोक पीएच २ च्या स्क्रूत जाते, काही वेळा थोडे फिरतेही, आणि स्क्रू खराब होण्याचे सर्वात मोठे कारण आमच्या मते हेच आहे.

काही स्क्रूंच्या मोठ्या फुलीच्या मधोमध आणखी चार बारीक तिरप्या रेघा दिसतात. हा पोझिड्रिव्ह प्रकार होय. एमसीबीच्या (जादा प्रवाह आला की आपोआप बंद पडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलवर आणि सुटे भाग जोडून उभ्या करायच्या फर्निचरमध्ये तो आढळतो. त्याचे टोक पीझेड या खुणेचे असते आणि त्याच्या भिंती जवळजवळ सरळ असल्यामुळे ते उसळत नाही. परंतु साधे फुलीचे टोक त्यात वापरले तर हा फायदा मिळत नाही आणि खाचही बिघडते. जपानी बनावटीच्या यंत्रांवर व दुचाकींवर फुलीशेजारी एक बारीक ठिपका असलेला स्क्रू दिसला, तर तो जपानी मानकाचा समजावा आणि त्यासाठी जेआयएस खुणेचे टोक मागावे. सहा पाकळ्यांची खाच म्हणजे टॉर्क्स. आमच्या भागात साध्या फुलीलाही सर्रास स्टार म्हटले जाते, त्यामुळे नुसता स्टार मागितल्यास आपल्याला नको असलेली वस्तू हातात पडू शकते. स्क्रू सोबत आणता येत नसेल, तर त्याच्याशेजारी रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर जवळून फोटो काढून आणावा. तेवढ्यावरून आम्ही माप सांगू शकतो.

फुलीचे टोक पारखण्याची एक सोपी रीत दुकानातच करून पाहता येते. टोकाला लोहचुंबक नसलेला स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरावा आणि त्याच्या टोकावर नवा स्क्रू बसवावा. टोक अचूक घडवलेले आणि मापाचे असेल, तर स्क्रू आडवा राहूनही लगेच गळून पडत नाही. तसेच मूठ काउंटरच्या कडेबाहेर राहील असा दांडा काचेवर ठेवून हलकेच गडगडवावा. टोक वर-खाली नाचताना दिसले, तर दांडा सरळ नाही. या दोन्ही गोष्टी आमच्या काउंटरवर निःसंकोच करून पाहाव्यात.

पोलाद

स्वस्त स्क्रू-ड्रायव्हर चमकतो छान, परंतु त्याच्या पोलादाला पाणी नीट दिलेले नसते, म्हणजे ते तापवून-थंड करून योग्य तेवढे कडक केलेले नसते. टोक मऊ राहिले तर ते पिळून जाते आणि अतिकडक झाले तर त्याचा तुकडा उडतो. चांगला कारखाना या दोहोंमधला कडकपणा साधतो. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम किंवा एस-२ असे चांगल्या पोलादाचे नाव लिहिलेले असेल तर वस्तू सहसा घेण्याजोगी असते, मात्र नुसत्या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती कोणालाही उमटवता येतात. टोकावर जाड चकचकीत मुलामा असेल तर तो पहिल्या काही स्क्रूंतच सोलवटतो आणि माप बदलते; म्हणूनच अनेक उत्तम स्क्रू-ड्रायव्हरांची टोके मुद्दाम काळी ठेवलेली असतात. चांगली हत्यारे परदेशीच असावी लागतात असेही नाही. भारतीय बनावटीची भरवशाची हत्यारे वाजवी भावात मिळतात आणि त्यांतील काही तर शेजारच्या नाशिकमध्येच तयार होतात.

मूठ आणि लांबी

दांडा लांब असला की जोर अधिक लागतो, हा समज बरोबर नाही. पीळ मुठीच्या जाडीवर अवलंबून असतो. हाताचा जोर तोच ठेवून २५ मिलिमीटर व्यासाच्या मुठीऐवजी ३५ मिलिमीटरची मूठ वापरली, तर पीळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. लांब दांड्याचा उपयोग खोलवर पोहोचण्यासाठी आणि हत्यार सरळ रेषेत धरण्यासाठी होतो. घरासाठी १०० मिलिमीटर दांडा पुरेसा आहे. अडचणीच्या जागेसाठी एक आखूड असावा. मुठीखाली दांड्याला षटकोनी भाग असेल, तर गंजलेल्या स्क्रूसाठी तेथे पाना लावून जादा जोर देता येतो. उन्हाळ्यात घामेजलेल्या हातातून गुळगुळीत प्लास्टिक सटकते, म्हणून रबराचा थर असलेली मूठ आम्ही सुचवतो.

विजेची कामे

या बाबतीत आम्ही आग्रही आहोत. प्लास्टिकची मूठ असणे म्हणजे विजेपासून संरक्षण असणे नव्हे. विजेच्या कामासाठी बनवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरचा दांडाही टोकाजवळपर्यंत इन्सुलेशनने झाकलेला असतो आणि त्यावर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्ही असे लिहिलेले असते. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असे प्रत्येक हत्यार कारखान्यात १०,००० व्होल्टवर तपासले जाते. इन्सुलेशनला चीर पडली की ते हत्यार विजेच्या कामातून काढून टाकावे. केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातील मोटरच्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्टची थ्री-फेज वीज असते, आणि पायाखालची जमीन अनेकदा ओली असते. तेथे हत्यार कितीही चांगले असले तरी मेन स्विच बंद करून आणि टेस्टरने तपासूनच पेटीला हात लावावा.

त्याच टेस्टरने स्क्रू आवळण्याची सवय बहुतेक घरांत आहे आणि ती सोडावी, असे आम्ही मनापासून सांगतो. टेस्टरच्या मुठीत एक लहान निऑन दिवा आणि आपल्या शरीरातून जाणारा प्रवाह अत्यल्प ठेवणारा एक रोधक असतो. पिळाच्या जोराने मूठ तडकली आणि आत ओल शिरली, तर ज्या वस्तूवर आपण जिवाचा भरवसा ठेवतो तीच धोक्याची ठरते.

नेमके काय घ्यावे

तीस-चाळीस टोकांचा डबा पाहताना मोह होतो, पण त्यातील चार-पाच टोकेच वापरली जातात आणि नेमकी तीच आधी झिजतात. त्यापेक्षा ०.६ × ३.५ आणि १ × ५.५ हे दोन चपटे, पीएच १ आणि पीएच २ हे दोन फुलीचे, पीएच २ चाच एक आखूड आणि एक वेगळा टेस्टर एवढी हत्यारे चांगल्या प्रतीची घ्यावीत, असे आमचे मत आहे. घरच्या वायरिंगची लहानसहान कामे आपण स्वतः करत असाल, तर दोन्ही चपटे व पीएच २ इन्सुलेटेड घ्यावेत. पीझेड २ गरज पडेल तेव्हा घेता येतो.

निगा

स्क्रू-ड्रायव्हरने रंगाचा डबा उचकटू नये, त्याची छिन्नी करू नये. चपट्या पात्याचे टोक गोलसर झाल्यास कानशीने हळूहळू सरळ करता येते. ग्राइंडरवर धरल्यास मात्र वारंवार पाण्यात बुडवावे, कारण टोक निळे पडले की पोलादाचे पाणी उतरते. फुलीचे झिजलेले टोक दुरुस्त होत नाही, ते बदलावेच लागते. आमच्याकडून घेतलेल्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मापाच्या स्क्रूवर, नेहमीच्या हातजोरात पिळले गेले किंवा त्याचा तुकडा उडाला, तर पावती आणि शक्य असल्यास तो स्क्रू घेऊन यावे; आम्ही हत्यार बदलून देतो. मुठीवर हातोडीचे घाव असतील तर मात्र बदलून मिळणार नाही.