जिभेला चकवणारा चमचा

रेडिओची 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लहानपणी जिभेला लावून पाहिलेली माणसं अजून बरीच सापडतील. ती आंबटसर, झोंबणारी चव एकदा घेतली की विसरत नाही. 1750 च्या दशकात स्विस विचारवंत योहान सुल्झर यांनी शिसं आणि चांदी एकमेकांना टेकवून जिभेवर ठेवली, तर हिराकशीसारखी, म्हणजे लोखंडाच्या क्षारासारखी चव लागली. बॅटरीचा शोध तेव्हा लागायचाच होता, त्यामुळे ही वीज आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ही वीज आता जपानमध्ये मीठ कमी करायला वापरतात. टोकियोच्या मेजी विद्यापीठातले होमेई मियाशिता आणि हिरोमी नाकामुरा यांनी वीज सोडलेल्या चॉपस्टिक्स आणि स्ट्रॉने चव बदलून दाखवली. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं इग नोबेल पारितोषिक 2023 मध्ये त्यांना मिळालं. पुढे मियाशिता आणि किरिन कंपनीने मिळून चमचा बनवला आणि मे 2024 मध्ये तो विक्रीला आला. (किरिन म्हणजे मुख्यतः बिअरवाले. आरोग्याचं खातं त्यांनी नंतर उघडलं.) तेव्हा किंमत होती 19,800 येन, म्हणजे साधारण साडेदहा हजार रुपये. वजन जेमतेम 60 ग्रॅम.

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. खारटपणा लागतो तो मुख्यतः सोडियममुळे, तेही तो जिभेवरच्या स्वादकलिकांपर्यंत पोचला तर. सूपमधला बराचसा सोडियम जिभेला न भेटताच घशाखाली जातो. चव द्यायची राहून जाते, रक्तदाब वाढवायचं काम मात्र तो चोख करतो. चमच्याची दांडी हातात धरून तोंड लावलं की हात, शरीर, जीभ, सूप आणि चमचा असं मंडल पूर्ण होतं आणि अगदी क्षीण प्रवाह वाहू लागतो. विखुरलेले सोडियम आयन जिभेपाशी गोळा व्हावेत अशा बेताने तो प्रवाह कमीजास्त केलेला असतो. कंपनीच्या चाचण्यांत कमी मिठाचं खाणं सुमारे दीडपट खारट लागलं. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र या चमच्याच्या वाटेला जाऊ नये.

रोज किती खाल्लं ते नोंदवायला लावणारी ॲप्स माणसाच्या निर्धारावर चालतात आणि निर्धार सहसा तिसऱ्या आठवड्यात दमतो. हा चमचा निर्धार मागतच नाही, म्हणून मला त्याचं अप्रूप वाटतं. माझ्या वडिलांना मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा आठवडाभर अळणी आमटीवरून कुरबुर चालली. मग ती अचानक थांबली. आईने लोणच्याची बरणी उघडून पाहिली तेव्हा कारण कळलं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही कमी मीठ खायला सांगते. मिसो सूप आणि रामेनच्या जपानमध्ये सरासरी 10 ग्रॅमच्या आसपास जाते. आपणही ती मर्यादा कधीच ओलांडली आहे.

एक शंका मात्र उरते. जीभ शिकते. मीठ खरोखरच कमी केलं तर काही आठवड्यांनी, फार तर दोन-तीन महिन्यांनी कमी मिठाचीच चव बरी वाटू लागते आणि जुन्या मापाची आमटी खारट लागते. विजेच्या चमच्याने जिभेला रोज पूर्वीइतकाच खारटपणा मिळाला, तर ती हे शिकणार कधी? पहिल्या महिन्याची कुबडी म्हणून चमचा वापरावा, प्रवाह हळूहळू उतरवत न्यावा, असं मला वाटतं. प्रवाह कमीजास्त करायची सोय त्यात आहेच.

आपल्याकडे अडचण वेगळीच येईल. सूप, रामेन, रस्सा अशा पातळ पदार्थांसाठी हा चमचा ठीक आहे. आपण भाकरी हाताने मोडतो आणि आमटीची वाटी सरळ तोंडाला लावतो. पापड, ठेचा आणि ती लोणच्याची बरणी तर चमच्याच्या टप्प्यातच येत नाहीत.