विमानातून सुटणाऱ्या वस्तूभोवतीचा वायुप्रवाह : संगणकीय सिम्युलेशनविषयी ग्राहकांसाठी माहिती

पंखाखालून इंधनाची टाकी, उपकरणांचा पॉड किंवा मदतसामग्रीची पेटी सोडली की ती सरळ खाली जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सुटल्यावरचे पहिले काही क्षण ती विमानानेच ढवळलेल्या हवेत असते आणि ती हवा तिचे नाक खाली दाबते, शेपटी बाजूला ढकलते, कधी तर तिला पुन्हा पंखाकडे उचलते. 30 जुलै 1966 रोजी एम-21 विमानाच्या पाठीवरून सोडलेले डी-21 हे वैमानिकरहित यान त्याच विमानावर आदळले. विमान नष्ट झाले आणि त्यातील दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी आम्हांला अधिक काळजीची वाटते. आकार तोच असल्याने हवेचा जोर तेवढाच राहतो, पण त्याला तोंड देणारे वजन उरलेले नसते.

सिम्युलेशनमध्ये विमानाभोवती गणनेची एक जाळी असते आणि वस्तूभोवती दुसरी, जी वस्तूबरोबर सरकते. दोन्ही जाळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे हवेच्या वेगाची व दाबाची देवाणघेवाण होते. प्रत्येक अतिसूक्ष्म कालखंडात पृष्ठभागावरील दाब व घर्षण मोजून एकूण बल आणि वळवणारा जोर काढला जातो, त्यावरून वस्तू किती सरकली व किती फिरली हे ठरते आणि नव्या जागी हवेचे गणित पुन्हा मांडले जाते.

ही पद्धत आम्ही आधी पंख, पायलॉन (पंखाखाली वस्तू टांगायचा आधार) आणि शेपटीला पंखुड्या असलेली वस्तू यांच्या प्रसिद्ध विंड टनेल चाचणीवर, म्हणजे बोगद्यात वेगाने हवा सोडून केलेल्या चाचणीवर पडताळतो. त्यात वस्तूचे वस्तुमान 907 किलो आहे आणि वेग मॅक 0.95 व 1.2 (ध्वनीच्या वेगाच्या 0.95 व 1.2 पट) असे दोन आहेत. वस्तूला पंखापासून दूर लोटणाऱ्या दोन पिस्टनांपैकी पुढचा 10.7 किलोन्यूटनने आणि मागचा 42.7 किलोन्यूटनने ढकलतो, तोही जेमतेम 10 सेंटिमीटरपर्यंत. मागचा जोर मुद्दाम जास्त ठेवलेला असल्याने नाक आधी वर उचलले जाते, मग हवा ते खाली आणते. हा पलटा गणनेत नेमका उतरला नाही, तर आम्ही पुढे जात नाही.

विमानाच्या पोटातील उघड्या कप्प्यातून वस्तू सोडायची असेल, तर आतला प्रवाह सतत हेलकावत असल्याने सुटण्याचा क्षण बदलला की मार्गही बदलतो. अशा कामात एका गणनेवर विसंबणे आम्हांला मान्य नाही. आम्ही वेगवेगळ्या क्षणी वस्तू सोडून पाहतो. उड्डाणचाचणीला हा पर्याय नव्हे, मात्र कोणत्या वेगापासून व उंचीपासून चाचणी सुरू करावी हे त्यावरून ठरवता येते.

आपल्याकडून आम्हांला वस्तूचे वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि तिन्ही अक्षांभोवतीचे जडत्व आघूर्ण (वस्तू फिरवायला किती जड आहे याचे माप) हवे असते. हे आकडे आराखड्यावरून न घेता तयार वस्तूवर मोजून घ्यावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. टाकी अर्धवट भरलेली असताना इंधन पुढे-मागे सरकत असेल, तर गुरुत्वमध्याच्या पुढच्या व मागच्या दोन्ही टोकांची मापे द्यावीत. गणना दोन्हींसाठी स्वतंत्रपणे केली जाईल.