रक्तातल्या उलट्या सेरीनचा माग

मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवलं की त्यातली अमिनो आम्लं 'उलटी' होतात आणि मेंदूला, किडनीला विषारी ठरतात, असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचं मूळ डिसेंबर १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका छोट्या पत्रात आहे. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या बाळांच्या दुधात डी-प्रोलीन सापडल्याचा दावा त्यात होता. (बहुतेक अमिनो आम्लांना एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली दोन रूपं असतात, एल आणि डी; डी-प्रोलीन हे प्रोलीन या अमिनो आम्लाचं 'उलटं' रूप.) पुढे इतर संशोधकांनी घरी तापवतात तसं दूध तापवून मोजमाप केलं, तेव्हा मायक्रोवेव्ह आणि नेहमीची पद्धत यांत असा काही फरक निघाला नाही. ही दुसरी बातमी मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही, आणि नव्या आईवडिलांच्या मनात उगाच भीती बसते.

या मेसेजमागे आणखी एक गैरसमज आहे: एल अमिनो आम्लं आपली आणि डी परकी. प्रथिनं बांधताना पेशी एल रूपच वापरते, हे शाळेत शिकलेलं बरोबर आहे (ग्लायसीनला अशी दोन रूपं नसतातच). पण सुटी, म्हणजे प्रथिनात न बांधलेली, डी आम्लं शरीरात असतात. हान्स क्रेब्ज यांना १९३५ मध्ये किडनीत डी आम्लं मोडणारं एन्झाइम सापडलं होतं. ते तिथे कशासाठी, याचा उलगडा पुढे कित्येक वर्षं होत नव्हता. १९९२ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांच्या मेंदूत डी-सेरीन, म्हणजे सेरीन या अमिनो आम्लाचं डी रूप, भरपूर प्रमाणात मिळालं. शिकणं आणि स्मृती यांच्याशी जोडलेला, मेंदूच्या पेशींवरचा एनएमडीए रिसेप्टर (संदेश टिपणारं प्रथिन) चालू व्हायला ते मदत करतं. म्हणजे हे विष नव्हे, आपलंच रसायन आहे.

इतकी वर्षं ते नजरेतून निसटलं, कारण ते ओळखणंच अवघड आहे. डी आणि एल सेरीनचं वजन एकच, वितळणबिंदू एकच, पाण्यातली विद्राव्यताही एकच. मास स्पेक्ट्रोमीटर वजनावरून रेणू ओळखतो, त्यामुळे त्याला एकट्याला हे दोघे वेगळे दिसत नाहीत. क्रोमॅटोग्राफीत मिश्रण एका भरलेल्या नळीतून, म्हणजे स्तंभातून, सोडून त्यातले पदार्थ वेगळे करतात; पण साध्या स्तंभातूनही हे दोघे एकाच वेळी बाहेर पडतात.

यावर १९८४ मध्ये पीटर मार्फी यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी एक अभिकर्मक, म्हणजे आम्लाला जाऊन चिकटणारं रसायन, तयार केला. त्याच्या एका टोकाला अमिनो गटाला चिकटणारा फ्लोरीनचा सांधा आणि दुसऱ्या टोकाला एल-ॲलानीनचा तुकडा. म्हणजे अभिकर्मक स्वतःच एका बाजूचा. तुमच्या उजव्या हाताने समोरच्याचा आधी उजवा आणि मग डावा हात धरून पाहा. हात दोन्ही सारखेच, पण पकड वेगळी बसते. तसंच एल अभिकर्मक अधिक एल आम्ल आणि एल अभिकर्मक अधिक डी आम्ल या जोड्या आता एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा राहत नाहीत. आम्ल ॲलानीन असेल, तर डी जोडीत पाण्याला टाळणारे दोन मिथाइल गट बेंझीनच्या कड्याच्या एकाच बाजूला येतात आणि एल जोडीत विरुद्ध बाजूंना. एकाच बाजूला आले की रेणू स्तंभातल्या तेलकट अस्तराला जास्त घट्ट धरतो. म्हणून आधी एल बाहेर येतं, मागून डी.

प्रत्यक्ष काम असं चालतं. रक्तद्रवात मिथेनॉल घातलं की प्रथिनांचा पांढरा साका खाली बसतो. वरचं नितळ पाणी घेऊन त्यात थोडा अल्कली आणि अभिकर्मक मिसळतात. ४० अंशांवर तासभर ठेवलं की द्रावण पिवळं होतं. मग आम्ल घालून प्रक्रिया थांबवतात आणि स्तंभातून बाहेर येणारा द्रव ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात तपासतात.

इथे एक खाच आहे. अभिकर्मकात त्याचंच डी रूप एक टक्का जरी मिसळलेलं असलं, तरी ते एल-सेरीनला चिकटून जी जोडी बनवतं ती 'एल अभिकर्मक अधिक डी-सेरीन' या जोडीची तंतोतंत आरसाप्रतिमा असते. दोघी एकाच क्षणी बाहेर पडतात. निरोगी माणसाच्या रक्तात एकूण सेरीनपैकी डी-सेरीन एक-दोन टक्केच असतं. म्हणजे अभिकर्मकातल्या एक टक्का भेसळीने निकालच खोटा ठरतो. शिवाय रक्तात आणि लघवीत शेकडो पदार्थ असतात, आणि मोजणीच्या आलेखात एखाद्या मोठ्या शिखराच्या पायथ्याशी डी-सेरीनचं छोटं टेकाड लपून जातं. क्युशू विद्यापीठातल्या केन्जी हमासे यांच्या गटाने म्हणून दोन टप्प्यांची पद्धत बसवली. चमकणारा, पण स्वतः कुठल्याच बाजूचा नसलेला अभिकर्मक आधी जोडायचा. पहिल्या स्तंभाने सगळं सेरीन बाकीच्यांपासून वेगळं काढायचं. मग फक्त तेवढाच भाग, एकाच बाजूच्या रेणूंचं अस्तर असलेल्या दुसऱ्या स्तंभात सोडायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? किडनी गाळलेलं एल-सेरीन जवळजवळ सगळं परत शोषून घेते, डी-सेरीन मात्र बरंचसं लघवीत जाऊ देते. म्हणून लघवीत डी-सेरीनचा वाटा रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि किडनीची गाळण मंदावली की ते रक्तात साठू लागतं. किडनीची गाळण एरवी रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून जोखतात, पण ते स्नायूंच्या प्रमाणावरही अवलंबून असतं, त्यामुळे अशक्त, कृश माणसात ते फसवू शकतं. तिथे डी-सेरीनची जोड मिळावी, अशी या संशोधकांची खटपट आहे. मात्र 'डी-अमिनो टेस्ट' म्हणून कुणी महागडं पॅकेज विकायला आलं, तर थांबा. किडनीच्या तपासणीसाठी डॉक्टर आजही आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनच पाहतात.