धर्मात सक्ती नाही: एका आयतीमागचा इतिहास

'ला इकराहा फिद्दीन', म्हणजे धर्मात सक्ती नाही. कुराणातली ही आयत (२:२५६) परिसंवादांत हमखास ऐकू येते; तिच्यामागची हकीकत मात्र अगदी घरगुती आहे. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावे सांगितलं जातं, की इस्लामपूर्व मदिनेत जिची मुलं जगत नसत ती बाई नवस बोलायची, मूल जगलं तर यहुदी म्हणून वाढवीन. इ.स. ६२५ च्या सुमारास बनू नझीर या यहुदी टोळीला मदिना सोडावी लागली, तेव्हा तिच्यात अन्सारांची, म्हणजे मदिनेतल्या मुसलमानांची, अशी मुलंही होती. आईबाप त्यांना जाऊ द्यायला तयार नव्हते. तेव्हा ही आयत उतरली. प्रश्न आधी पोटच्या पोरांचा होता, तत्त्वचर्चा मागाहून आली.

आली तीही राजकारणाचं बोट धरून. उमय्या घराण्यातल्या खलिफांना 'घडतं ते अल्लाहच्या मर्जीनं' हे सूत्र फार सोयीचं होतं. जुलूमसुद्धा मग नशिबाच्या खात्यावर. माणूस आपल्या कृत्यांना स्वतः जबाबदार आहे, असं म्हणणारे ते कदरिया. त्यांच्यातल्या घैलान दिमश्कीला खलिफा हिशामच्या राजवटीत (७२४–७४३) ठार मारण्यात आलं. पुढे मुअतझिला पंथानं तोच धागा उचलला: माणसाला निवडच नसेल, तर शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा?

याच पंथाचं 'कुराण निर्मित आहे', म्हणजे अनादि नाही, हे मत खलिफा मामूननं ८३३ मध्ये विद्वानांवर लादलं. त्यासाठीच्या चौकशीला 'मिहना' म्हणतात. विद्वान अहमद इब्न हंबल बधले नाहीत. त्यांनी तुरुंग सोसला, फटके खाल्ले. निवडीचा कैवार घेणाऱ्यांच्या नावावर ही सक्ती कायमची चिकटली.

अशअरी या धर्मचिंतकांच्या पंथानं नंतर मधला मार्ग काढला: कृती निर्माण करतो ईश्वर, माणूस ती 'कमावतो'. हे कितपत पटतं, यावर आजही वाद होतो. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, गाठ वेगळीच बसली. जबरदस्तीनं करवलेलं धर्मांतर बहुतेकांनी नाकारलं, पण धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड सांगितला. हनफी या कायदेपंथानं स्त्रियांना त्यातून वगळून कैद सुचवली.

१९४८ मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या धर्म बदलण्याच्या हक्काला सौदी अरेबियानं हरकत घेतली. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचाच (१८:२९) दाखला देत या हक्काची बाजू घेतली. ते स्वतःला मुस्लिम मानणाऱ्या अहमदी पंथाचे होते. १९७४ मध्ये पाकिस्ताननं घटनादुरुस्ती करून अहमदींना गैरमुस्लिम ठरवलं.