थंड प्रदेशांतील बागेच्या अवजारांची हिवाळी निगा

जमीन गोठून बागकाम थांबते त्या महिन्यांत अवजारे साफ करणे, त्यांना धार लावणे आणि कोरड्या जागी टांगून ठेवणे हे कॅनडा, मिनेसोटा, स्कँडिनेव्हिया अशा भागांत दरवर्षीचे काम असते. ते बर्फ पडण्यापूर्वी झालेले उत्तम. राहून गेले तर बर्फ वितळण्याआधी तरी उरकावे. कडाक्याच्या थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा गंज फारसा वाढत नाही. धोका असतो तो बर्फ वितळू लागल्यावर. उबदार, दमट हवा शेडमधल्या गारठलेल्या पोलादाला लागली की त्यावर दव धरते. पात्याला चिकटलेली माती हे पाणी धरून ठेवते. तिच्यात खताचे क्षार असतील तर गंज आणखी झपाट्याने चढतो.

सुरुवात सिकेटरपासून, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीपासून, करावी. सफरचंदाची छाटणी कळ्या फुटण्यापूर्वी होते, त्यामुळे फावड्याच्या कितीतरी आधी तो लागतो. मधला नट सोडवून पाती वेगळी करावीत आणि सुटे भाग निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. वाळलेला चीक स्पिरिटने निघतो. धार फक्त तिरप्या बाजूला, मूळ कोन सांभाळून लावावी. तो बहुधा २० ते २५ अंशांचा असतो. सपाट बाजूवरून दगड एकदोनदा आडवा फिरवून धार लावताना कडेला आलेली धातूची बारीक कूस तेवढी काढावी. तीही बाजू तिरपी घासली तर दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापली न जाता चेंगरते. सफरचंदावरचा ‘फायर ब्लाइट’ हा जिवाणूजन्य रोग हत्यारांवाटे पसरू शकतो, म्हणून पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत. ब्लीचनेही जंतू मरतात, पण पोलाद खराब होते.

फावडे-कुदळीची माती तारेच्या ब्रशने काढावी. जुना गंज साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवल्यावर सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन पाते लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर त्यावर पुन्हा तांबूस थर येतो. धार लावताना कानस पुढे ढकलतानाच दाबावी; मागे ओढताना दाबल्यास तिचे दात बोथटतात. फावड्याला ४५ अंशांच्या आसपासची जाड धार पुरते, बारीक धार दगडावर आदळून दुमडते.

लाकडी दांडे घासकागदाने गुळगुळीत करून जवसाचे तेल चोळावे आणि १५-२० मिनिटांनी उरलेले तेल पुसावे, नाहीतर दांडा चिकट राहतो. या तेलाचे बोळे कधीही चुरगळून टाकू नयेत: तेल वाळताना उष्णता निघते, ती बोळ्यात कोंडते आणि कापड आपोआप पेटते. ते बाहेर पसरून पूर्ण वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवावेत. हीटर असलेल्या खोलीत दांडा सुकून आकसतो व पाते ढिले होते. पाण्यात भिजवून ते घट्ट बसते खरे, पण वाळल्यावर पुन्हा हलते; पाचर ठोकणेच योग्य.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. म्हणून पाण्याचा पाइप आणि फवारणी पंप पूर्ण रिकामे करावेत. पंपाच्या नोझलमध्ये राहिलेले थोडेसे पाणीही तो तडकायला पुरते. लिथियम बॅटऱ्या निम्म्या चार्जवर घरात ठेवाव्यात आणि शून्य अंशाखाली चार्जिंगला लावू नयेत, कारण त्या थंडीत आत धातुरूप लिथियमचा थर साचून बॅटरी कायमची खराब होते.