व्हीसीआर-निगराणी, दुकानांतील (ठाणे–नवी मुंबई)

घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर (व्हीसीआर) एखाद्या लहान कॅमेऱ्याला जोडून दुकानातील गल्ला, काउंटर व दरवाजा यांचे चित्रण साठवण्याची अल्पखर्ची पद्धत. निगराणीसाठी खास बनवलेला टाइम-लॅप्स (ठरावीक अंतराने चित्र टिपणारा) रेकॉर्डर ज्यांना परवडत नसे, अशा किरकोळ व्यापाऱ्यांची ती सोय होती. ठाण्यात नौपाडा, गोखले रोड, जांभळी नाका आणि नवी मुंबईत वाशी, तुर्भे, कोपरखैरणे येथील एक-दोन गाळ्यांचे दुकान हे तिचे स्वाभाविक क्षेत्र.

उगम व काळ : बंदिस्त-मंडल दूरचित्रवाणीचा (सीसीटीव्ही) पहिला मान बहुतेक संदर्भग्रंथ जर्मनीला देतात. १९४२ मध्ये पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी व्हाल्टर ब्रुख यांनी अशी योजना केली. लेव्ह थेरेमिन यांनी १९२७ च्या सुमारास मॉस्कोत यासारखे यंत्र दाखवल्याचे काही लेखक नोंदवतात. ते मान्य केल्यास हा काळ पंधरा वर्षे मागे जातो. मात्र या दोन्हींत चित्र फक्त दिसे, साठत नसे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने खरा आरंभ फितीवरील चित्रमुद्रणाचा, म्हणजे अँपेक्स कंपनीच्या १९५६ च्या यंत्राचा आणि घरगुती पातळीवर जेव्हीसीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएस या कॅसेट-पद्धतीचा धरावा. पुढे भारताने स्वीकारलेल्या पाल रंगपद्धतीचे जनकही हेच ब्रुख.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत दिसू लागला. त्या दशकात तो इतका महाग व मानाचा होता की दुकानात दिवसभर राबवण्याचा विचार कोणी करणे संभवत नाही. दुकान-निगराणीतील त्याच्या प्रवेशाची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. एका मतानुसार सीसीटीव्ही बसवणाऱ्यांनी बँका व मोठ्या सराफी पेढ्यांतील यंत्रणेची स्वस्त नक्कल खाली आणली. दुसऱ्या मतानुसार ती खालूनच, केबलवाले आणि टीव्ही-दुरुस्ती करणारे मेकॅनिक यांच्याकडून आली. १९९० नंतर गल्लोगल्लीचे केबलचालक व्हीसीआर आणि मॉड्युलेटर (चित्र केबलच्या वाहिनीवर चढवणारे उपकरण) लावून स्वतःची चित्रपटवाहिनी चालवत. दशकाच्या अखेरीस व्हीसीडी (चित्रपटाची चकती) आली आणि ही यंत्रे रिकामी पडली. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याला आधार वायरिंगचा आहे. सीसीटीव्हीचा जाणकार शुद्ध तांब्याच्या गाभ्याची आरजी-५९ वायर घेतो. केबलवाल्याच्या रिळावर मात्र तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी गाभ्याची आरजी-६ असते. केबलच्या उच्च कंप्रतेला ती उत्तम, कारण तिथे प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो; कॅमेऱ्याच्या मूळ चित्रसंकेताच्या कमी कंप्रतेला तिचा रोध नडतो. दहा-पंधरा फुटांच्या दुकानात फरक कळत नाही. वायर माळ्यावरून मागच्या गोदामापर्यंत नेली की समकालन (चित्र जागेवर धरणारा संकेत) क्षीण होऊन चित्र वरच्या कडेला वाकते आणि मग गोल फिरू लागते. हा दोष ‘कॅमेरा खराब’ म्हणून सांगितला जाई, हे ओघाने आले.

एकूण कालखंड १९९७-९८ ते २००५-०६ असा, दोन-तीन वर्षे मागेपुढे धरून, मानता येईल.

यंत्र व फीत : प्रथम एक फरक लक्षात घ्यावा लागतो. घरोघरी असलेल्यांपैकी बरीच यंत्रे व्हीसीपी, म्हणजे केवळ कॅसेट दाखवणारी होती; त्यांचा येथे उपयोग नाही. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला व्हीसीआरही बहुधा बाद ठरे. ११० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटे, पण यंत्र एनटीएससी या अमेरिकी रंगपद्धतीचे आणि बाजारातला कॅमेरा पालचा, हा मेळ बसत नसे.

पाल व्हीएचएसमध्ये फीत प्रमाण गतीने सेकंदाला २३.३९ मिमी सरकते, ‘एलपी’ला (लाँग प्ले, धिमी गती) त्याच्या निम्म्याने. त्यामुळे ई-१८० कॅसेट तीन किंवा सहा तास, ई-२४० चार किंवा आठ तास चालते. टी-१२० असे लिहिलेली अमेरिकी मापाची कॅसेट दोन तासांची समजली जाते. पाल यंत्रात ती जवळजवळ तीन तास पुरते. दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्यांना सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा एलपीवरील दोन ई-१८० पुरत. टाइम-लॅप्स यंत्र हीच तीन तासांची फीत २४ तास पुरवते, ते सेकंदाला ५० ऐवजी सरासरी सव्वासहा क्षेत्रे (अर्धी चित्रे) टिपून. घरगुती यंत्रात ही सोय नाही, आणि फीत संपली की ते आपोआप मागे गुंडाळते व थांबते. पुन्हा ‘रेकॉर्ड’ कोणीतरी दाबावे लागते.

हे टाळण्यासाठी रिमोटची ‘रेकॉर्ड’ कळ रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) सोल्डर करून तो रिले हालचाल टिपणाऱ्या पीआयआर संवेदकाला जोडण्याची युक्ती होती. तिची मर्यादा यंत्राच्या पोटात आहे. आज्ञा मिळाल्यावर फीत कॅसेटमधून ओढून ६२ मिमी व्यासाच्या फिरत्या ड्रमभोवती गुंडाळायला काही सेकंद जातात, आणि गल्ल्यात हात घालणाऱ्याला तेवढे पुरतात. यावर ‘पॉज’मध्ये तयार ठेवणे हा उपाय सुचतो, पण पॉजमध्ये ड्रमवरची दोन हेडे (चित्र लिहिणारी-वाचणारी टोके) फितीच्या एकाच जागेवरून सेकंदाला ५० वेळा घासत जातात. फीत व हेड वाचवण्यासाठी उत्पादकांनी सुमारे पाच मिनिटांनी पॉज आपोआप सुटेल अशी व्यवस्था करून ठेवली होती. हा भाग मेकॅनिकलाही सहसा चुकवता येत नसे.

हेडांची झीज हा दुसरा खर्च. हेड साधारण हजार-दोन हजार तास नीट काम देते. रोज दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ३,००० तास होतात. म्हणजे फुकटात मिळालेला व्हीसीआर वर्षभरातच हेड मागतो. जुन्या कॅसेटा पुन्हापुन्हा वापरल्याने भुकटी सुटून हेड तुंबते आणि पडद्यावर नुसती बर्फवृष्टी उरते. दिवसभर लाल दिवा लागलेला, पण फितीवर काही नाही, ही या पद्धतीची सर्वांत वाईट अवस्था. चोरी होईपर्यंत ती लक्षात येत नाही.

वापर : कॅमेऱ्याची बीएनसी पिन, आरसीए जोड, व्हीसीआरची ‘व्हिडिओ इन’ खाच, १२ व्होल्टचा अडॅप्टर, जोडणीत याहून विशेष काही नाही. कॅमेरे बहुधा कृष्णधवल, कारण ट्यूबलाइट मिणमिणत असली तरी ते तग धरत. ३८० ते ४२० रेषांचा कॅमेरा लावला तरी व्हीएचएस सुमारे २४० रेषाच साठवते. क्वाड (पडद्याचे चार भाग करणारे उपकरण) लावून चार कॅमेरे एका पडद्यावर आणले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या निम्म्या. माणूस ओळखीचा असेल तरच ओळखू येतो. दोन हेडांच्या यंत्रात चित्र थांबवून पाहताना मधोमध पट्टा येतो, आणि नेमका चेहरा त्याखाली जातो.

घरगुती यंत्र चित्रावर तारीख-वेळ उमटवत नाही. भिंतीवरचे घड्याळ आणि तारखेची वही कॅमेऱ्याच्या टप्प्यात ठेवणे हा साधा उपाय. कॅसेटा बहुधा व्हिडिओ लायब्ररी मोडीत निघाल्यावर मिळालेल्या. अशा कॅसेटच्या मागच्या कडेची टिकली, चित्रपट पुसला जाऊ नये म्हणून, तोडलेली असते. त्या चौकोनी खाचेवर सेलोटेपचे दोन वेढे दिले की यंत्र ती मुद्रणासाठी घेते. चित्रपटाचे नाव खोडून त्याच लेबलावर ‘मंगळ – संध्याकाळ’ लिहिलेले असे. सेलोटेप उन्हाळ्यात सुटते व पट्टी यंत्रात अडकते.

वीज व हवामान : ठाणे-नवी मुंबई राज्य विद्युत मंडळाच्या (२००५ पासून महावितरणच्या) क्षेत्रात येत असल्याने भारनियमनाचा फटका बसे, शेजारच्या मुंबई शहराला तो जाणवत नसे. वीज परतली की बहुतेक व्हीसीआर मुद्रण पुढे चालू न करता बंद अवस्थेत राहतात, घड्याळ शून्यावर मिचकावत बसते आणि टायमरची आज्ञाही पुसलेली असते. पावसाळ्यात दमट हवेने ड्रमवर बाष्प जमले तर ‘ड्यू’ संवेदक यंत्र चालूच होऊ देत नाही. खाडीलगतच्या भागात कॅसेटच्या रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी एक कॅसेट चालवली तरी ती हेडमार्गे बाकीच्यांना लागते.

पुराव्याचे मूल्य : ध्वनिफितीबाबत सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी वि. महाराष्ट्र राज्य (१९७३) या खटल्यात आवाजाची ओळख पटणे, विषयाशी संबंध असणे आणि फितीत फेरफार झालेला नसणे या कसोट्या ठेवल्या. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५ब घातले. त्याचे प्रमाणपत्र केव्हा लागते, याचा खल अन्वर पी. व्ही. (२०१४) निकालापासून अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास गोरंट्याल (१४ जुलै २०२०) या जालन्याच्या निवडणूक खटल्यापर्यंत चालला. मूळ साधनच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्र नको, प्रतीला मात्र हवे, असे शेवटच्या निकालाचे सार आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. संगणकाचा स्पर्शही न झालेल्या व्हीएचएस फितीला मलकानी कसोट्याच अधिक जवळच्या वाटतात. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की प्रत काढत न बसता तीच कॅसेट बाहेर काढून सेलोटेप सोलावी आणि पंचनाम्यात द्यावी. आठवड्याच्या फेऱ्यात ती पुन्हा यंत्रात गेली तर काही उरत नाही.

ऱ्हास : संगणकातील चार-मुखी कॅप्चर कार्डे आणि नंतर हार्ड डिस्कवरचे डीव्हीआर स्वस्त झाल्यावर ही पद्धत मागे पडली. मधल्या काळात डीव्हीडी रेकॉर्डरवरही तुरळक प्रयोग झाले. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. जुनी वायर मात्र बऱ्याच दुकानांत भिंतीतच राहिली, आणि अशा समाक्ष (कोअॅक्सियल) तारेवरून उच्च-विभेदन चित्र नेणारे कॅमेरे २०१२ नंतर आल्याने ती पुन्हा वापरता येऊ लागली. वीजही त्याच तारेतून घेणारा कॅमेरा असेल, तर पोलादी गाभ्याची वायर बदलावी लागते.