न उघडणारी व्हिडिओ फाइल

न उघडणारी व्हिडिओ फाइल : हँडब्रेक, एफएफएमपेग यांसारख्या कन्व्हर्टरने, म्हणजे व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचण्यास नकार दिलेली फाइल. ठाणे-नवी मुंबई परिसरात अशा फाइली बहुधा लग्नाचे शूटिंग, सोसायटीचा सीसीटीव्ही आणि घरातल्या जुन्या डीव्हीडी यांतून येतात. मिक्सिंगवाले सरसकट ‘करप्ट’ म्हणून मोकळे होतात, पण पुष्कळदा फाइल धडधाकट असते आणि कन्व्हर्टरच जुना असतो.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही डब्यांची नावे आहेत. आत चित्र व आवाज कोणत्या कोडेकने, म्हणजे दाबून साठवण्याच्या पद्धतीने, भरला आहे, हे त्यांवरून कळत नाही. डब्यावर ‘साखर’ लिहिले म्हणून आत साखरच निघते असे नाही. त्यामुळे एव्हीआयचे नाव बदलून एमपी४ केल्याने काही साधत नाही.

तपासणी मूळ फाइलीच्या प्रतीवरच करावी. आधी फाइलीचा आकार पाहावा. तो शून्य असेल किंवा पाठवणाऱ्याकडील आकारापेक्षा कमी असेल, तर डाउनलोड किंवा कॉपी अर्धवट झाली आहे. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने चित्रण केले तर ही मर्यादा साधारण ११ मिनिटांत गाठली जाते, म्हणूनच काही कॅमेरे लांब विधीचे तुकडे पाडतात. नंतर फाइल थेट सी ड्राइव्हवर ठेवून तिला छोटे इंग्रजी नाव द्यावे. ‘हळद_सकाळ_अंतिम’ अशी देवनागरी नावे जुन्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत, आणि फोल्डरात फोल्डर करत गेल्यास विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही आड येते.

यानंतर फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावावी. तिथे ती नीट चालली, तर दोष कन्व्हर्टरकडे. फाइलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या साधनात कोडेकचे नाव दिसते. एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ असेल तर कन्व्हर्टर अद्ययावत करावा. आयफोन ७ व पुढील फोन २०१७ च्या आयओएस ११ पासून याच कोडेकमध्ये चित्रण करू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढच्या साध्या क्लिप एच.२६४ या जुन्या कोडेकमध्ये येतात. केवळ डबा बदलायचा असेल तर एफएफएमपेगच्या ‘कॉपी’ पद्धतीने चित्र पुन्हा न दाबता नव्या डब्यात भरता येते. दर्जा तसूभरही घटत नाही आणि तासाभराची फाइलही सहसा काही मिनिटांत होते.

व्हीएलसीतही चालत नसेल, तर मात्र फाइल खरोखर अपुरी असू शकते. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची ‘मूव्ह’ नावाच्या भागात असते, आणि बहुतेक कॅमेरे ती चित्रण थांबवल्यावर, शेवटी लिहितात. वरातीत बॅटरी संपली किंवा कार्ड घाईने उपसले, तर चित्र कार्डावर उरते, सूची मात्र नसते. एफएफएमपेग ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ असे सांगतो. अशा वेळी कार्डावर नवे चित्रण करू नये, ते फॉरमॅट तर मुळीच करू नये. काही कॅमेरे कार्ड परत घातल्यावर अपुरी फाइल स्वतःच पूर्ण करतात. तसे झाले नाही तर अनट्रंक हे साधन त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच सेटिंगच्या चांगल्या फाइलीवरून सूची बांधते. नमुना वेगळ्या रिझोल्यूशनचा किंवा कोडेकचा असेल तर हाती बहुधा कचराच लागतो.

घरच्या रेकॉर्डरवर केलेली डीव्हीडी ‘फायनलाइझ’ केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी पूर्ण केलेली, नसल्यास संगणकाला ती कोरी वाटते. तो रेकॉर्डर मिळवून ते काम त्यावरच करावे. बाजारातील संरक्षित डिस्क हँडब्रेक उघडत नाही.

डीव्हीआरच्या, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, फाइलींचे गणित निराळे असते. डीएव्ही हा निर्मात्याचा स्वतःचा डबा आहे, आणि एमपी४ नावाखाली भलतेच भरलेलेही आढळते. सोबतच्या प्लेअरमधून एमपी४ किंवा एव्हीआय म्हणून पुन्हा एक्सपोर्ट करणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग. पार्किंगमधल्या चोरीचे चित्रण पोलिसांना द्यायचे असेल तर रूपांतरित प्रत केवळ पाहण्यापुरती. सोबत मूळ एक्सपोर्ट आणि प्लेअर द्यावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रात फाइलीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या आतल्या माहितीवरून काढलेली ओळख-संख्या, नोंदवावे लागते, आणि रूपांतर केले की ते बदलते.